कार्दूनच्या फुलांचं रेनेट दर हंगामात वेगळं का वागतं आणि त्यावर काय करायचं

तक्रार दरवर्षी तीच असते. चीजसाठी दूध जमवणारा पदार्थ म्हणजे रेनेट, आणि इथे ते काम कार्दून या काटेरी झाडाची फुलं करतात. उन्हाळ्यात वेचलेली ही फुलं वाळवून डब्यात भरून ठेवलेली असतात. शरदात पाऊस पडतो, मेंढ्या विततात, दूध सुरू होतं आणि पहिल्या पातेल्यापासून घोळ होतो. गेल्या वर्षीच्या फुलानं जे दूध पाऊण तासात जमत होतं, त्याला यंदा त्याच मापानं दोन तास लागतात. कुणाचं दूध वेळेवर जमतं, पण महिना-दीड महिन्यानं चीज कापलं की घशापर्यंत कडवटपणा रेंगाळतो. कुणाकडे सोमवारचं चीज छान आणि बुधवारचं फसलेलं, फूल मात्र एकाच डब्यातलं.

पोर्तुगालच्या दक्षिणेला, आलेंतेजूत, हलक्या कोरडवाहू जमिनीवर स्वतःचं कार्दून लावून त्याच्याच फुलावर चीज करणाऱ्या छोट्या डेअऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. मी याच कामात आहे. माझं ठाम मत असं की लोक दोष पातेल्यात शोधत बसतात, आणि तो बहुतेक वेळा शेतात, वेचणीत आणि वाळवणीत असतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

हे झाड ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्दून, म्हणजे सिनारा कार्डुनक्युलस, हे आर्टिचोक या भाजीचं रानटी भावंड. करडईच्या कुळातलं, काटेरी, बहुवर्षायू आणि चांगल्या जमिनीत माणसापेक्षा उंच जाणारं. पोर्तुगीज लोक त्याला कार्दू म्हणतात. जून-जुलैत मोठ्या काटेरी बोंडांवर जांभळा तुरा येतो आणि त्या तुऱ्यातल्या स्त्रीकेसरांत दूध जमवणारी एंझाइम असतात. पोर्तुगालमधली सेरा द इश्त्रेला, सेर्पा, अझैतांव आणि स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुराची तोर्ता देल कासार, ला सेरेना ही चीजं मेंढीच्या कच्च्या दुधात हेच फूल घालून होतात. वासराच्या पोटातलं रेनेट त्यात लागत नाही. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन शेतीतज्ज्ञानंही रानटी काटेरी झाडाच्या फुलानं दूध जमवता येतं असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. बिघडतो तो आपला कच्चा माल.

फूल वाढवणं आधी थांबवा

दूध जमायला उशीर लागला की पहिला हात जातो तो फुलाच्या डब्याकडे. एक चिमूट जास्त टाकली की दूध जमतंही. त्या दिवसापुरता प्रश्न सुटतो आणि महिन्याभरानं कडवटपणा होऊन परत येतो. उशिरा जमणं आणि कडू होणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण अनेकदा पहिलीवरचा हाच उपाय दुसरीला जन्म देतो.

कारण समजून घेण्यासारखं आहे. दुधातले केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, कारण त्यांच्यावर कप्पा केसीनचं आवरण असतं. वासराच्या रेनेटमधलं कायमोसिन हे आवरण एका ठरावीक जागी, १०५ आणि १०६ क्रमांकाच्या अमिनो आम्लांच्या मधे तोडतं. मग कण एकमेकांना धरतात आणि दुधाचा खरवसासारखा थर होतो. कार्दूनमधली एंझाइम, म्हणजे कार्डोसिन, तोडतात तीही नेमकी तिथेच. फरक पुढे पडतो. कायमोसिन बाकीच्या केसीनला फारसा हात लावत नाही, कार्डोसिन मात्र काम चालूच ठेवतात. त्यातलं कार्डोसिन ए वागायला कायमोसिनच्या जवळ, तर कार्डोसिन बी पोटात प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनच्या जवळ, जास्त आक्रमक. केसीनचे बारीक तुकडे होत जातात, चीज आतून मऊ होतं, आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. तोर्ता देल कासारचा गाभा चमच्यानं खाता येतो तो याच गुणामुळे. पण मापापेक्षा जास्त फूल पडलं की तोच गुण चीज बिघडवतो.

रूढ माप लिटरमागे साधारण ०.२ ते ०.३ ग्रॅम वाळलेलं फूल, दूध ३० अंशांच्या आसपास, आणि पाऊण ते एक तासात जमणं. तुमचं फूल यात बसत नसेल तर माप ओढत नेऊ नका. ते फूल कमजोर का आहे ते शोधा.

दोष दुधाचा की फुलाचा

हे आधी ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पद्धत साधी आहे आणि एका सकाळीत होते.

दर वर्षीचं थोडं चांगलं फूल, ज्यावर तुमचा विश्वास आहे असं, हवाबंद बरणीत फ्रीझरमध्ये जपून ठेवा. हा तुमचा मापदंड. त्याचं ३ ग्रॅम आणि नव्या फुलाचं ३ ग्रॅम वेगवेगळं खलात थोड्या जाड मिठाबरोबर कुटा, प्रत्येकात १०० मिली कोमट पाणी घाला, सारखाच वेळ भिजवा आणि स्वच्छ फडक्यातून पिळून घ्या. मग एकाच दुधाचे १०० मिलीचे दोन कप ३० अंशांच्या पाण्यात ठेवा आणि प्रत्येकात एकेका अर्काचं १ मिली घाला. हे माप लिटरमागे ०.३ ग्रॅमचंच होतं. काचेची कांडी किंवा चमचा बुडवून वर काढत राहा. चमच्यावरून ओघळणाऱ्या दुधात बारीक कण दिसू लागले की वेळ लिहा.

दोन्ही कपांना उशीर लागला तर दूध तपासा. जुनं वेळेवर आणि नवं उशिरा जमलं तर फूल कमजोर आहे. जमण्याचा वेळ ढोबळमानानं एंझाइमच्या प्रमाणाच्या उलट चालतो. जुन्याला ४० मिनिटं आणि नव्याला ६० लागली, म्हणजे नव्याची ताकद दोन तृतीयांश. इतपत फरक असेल तर मी जोरकस फूल मिसळून वापरते. त्याहून कमजोर फूल चीजमध्ये घालत नाही.

दूध रोज बदलतं, म्हणून महिन्या-महिन्यांची तुलना करायची असेल तर ठरलेलं दूध बनवा. १ लिटर पाण्यात १.१ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइड आणि १२० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, कमी तापमानावर वाळवलेली. प्रयोगशाळाही रेनेटची ताकद मोजायला असंच दूध वापरतात. यावर घेतलेले आकडे जानेवारीतही आणि जूनमध्येही एकमेकांशी ताडून बघता येतात.

दुधाकडे दोष निघाला तर तो सहसा यातला असतो: फार दिवस थंडीत ठेवलेलं दूध, सडातल्या सुजेचं दूध, जास्त तापवलेलं दूध, किंवा थर्मामीटरच चुकीचा. यावर जास्त लिहीत नाही, कोणताही अनुभवी चीजवाला हे सांगेल.

एका शेतात शंभर प्रकारची झाडं

आता मूळ मुद्दा. बियाणं विकत आणून किंवा रानातून बोंडं गोळा करून लावलेलं कार्दून म्हणजे एक वाण नव्हे. त्याच्या फुलात पराग आधी तयार होतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे परपरागीभवन होतं. मधमाश्या एका झाडावरून दुसऱ्यावर फिरतात आणि बियाणं मिश्र होतं. शेजारशेजारच्या दोन झाडांच्या फुलांत एंझाइमचं एकूण प्रमाण वेगळं असतं आणि कार्डोसिन ए व बी यांचं आपसातलं प्रमाणही वेगळं असतं. बेजा इथल्या सेबाल या कृषी जैवतंत्रज्ञान केंद्रानं आलेंतेजूतल्या कार्दूनमधल्या याच नैसर्गिक विविधतेवर काम केलं आहे.

त्यात हलक्या जमिनीची भर पडते. इथली उतारावरची बरीचशी जमीन अशी का आहे यालाही इतिहास आहे. १९२९ मध्ये हुकूमशाही राजवटीनं गव्हाची मोहीम सुरू केली आणि जिथे फक्त कुरण असायला हवं होतं ते पातळ मातीचे उतारही नांगराखाली आले. माती धुपून गेली. आज एकाच शेतात वरच्या अंगाला वीतभर मातीखाली पाटीचा दगड लागतो आणि खालच्या अंगाला मीटरभर पोयटा असतो. वरची झाडं खुजी, त्यांना फूल लवकर येतं आणि लवकर सुकतं. खालची झाडं उंच, त्यांना फूल उशिरा येतं. एकाच दिवशी सगळं शेत वेचलं की पोत्यात कोवळं, ऐन भरातलं आणि करपलेलं असं तिन्ही फूल एकत्र येतं. सोमवारच्या मुठीत एक आलं, बुधवारच्या मुठीत दुसरं. एकाच डब्यातल्या फुलानं दोन तऱ्हेचं चीज होतं ते यामुळे.

मला या पिकाबद्दल आस्था आहे ती याच जमिनींमुळे. गहू सोडून दिलेल्या उतारावर खोल मुळं धरून ठेवणारं, उन्हाळ्यात पाणी न मागणारं, एकदा लावलं की बरीच वर्षं टिकणारं दुसरं पीक चटकन सापडत नाही. पण पडीक जमिनीवर येतं म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही, असा त्याचा अर्थ घेतला की फुलाचं असं होतं.

उपाय दोन पातळ्यांवर आहे. या हंगामात करता येईल ते म्हणजे शेताचे मातीप्रमाणे तुकडे पाडणं. वरचं, मधलं, खालचं. प्रत्येकाची वेचणी वेगळी, वाळवण वेगळं, डबा वेगळा. वाळल्यावर प्रत्येक डब्याची कपातली चाचणी घ्या आणि मग ठरलेल्या प्रमाणात एकत्र कुटून सबंध हंगामाचं एकच मिश्रण करा. अख्खी फुलं वरवर हलवून एकसारखी मिसळत नाहीत, भरडच करावी लागते. एवढ्यानंच रोजचा चढउतार बराच आटोक्यात येतो.

लांब पल्ल्याचा उपाय म्हणजे झाडं निवडणं. जी झाडं जोमदार दिसतात त्यांतल्या वीस-तीस झाडांना पत्र्याचे बिल्ले बांधा, त्यांची फुलं स्वतंत्र वाळवा आणि प्रत्येकाची चाचणी करा. लवकर जमवणारी चार-पाच झाडं बाजूला काढा. पण लवकर जमणं म्हणजे कमी कडू असं नाही, म्हणून त्या प्रत्येकाच्या फुलावर चीजच्या छोट्या चकत्या करून पिकवून चाखा. निवळी गढूळ येणं, थर कापताना भुगा होणं, दुधाच्या मानानं चीज कमी उतरणं, या खुणा दिसल्या तर ते झाड कितीही जोरकस असलं तरी वगळा. उरलेल्या झाडांना शरदातल्या पहिल्या पावसानंतर बुडाशी फुटवे येतात. ते मुळाच्या तुकड्यासकट काढून नांग्या, म्हणजे शेतातल्या रिकाम्या जागा, भरायला वापरा. फुटव्याचं झाड आईसारखंच निघतं, बियाण्याचं निघेलच असं नाही. हलक्या जमिनीत लावणीनंतर पाऊस लांबला तर एक-दोनदा पाणी द्यावं लागतं, तेवढं कष्टाचं. जुनं शेत मोडू नका. दरवर्षी थोडं थोडं बदललं तरी चालतं.

वेचणी

तुरा पूर्ण जांभळा, ताठ आणि ताजा असताना वेचायचा. टोकं तपकिरी पडू लागली, बोंड उकलून आतला पांढरा कापूस वर दिसायला लागला, की वेळ टळली. दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी वेचणं उत्तम. डाव्या हातात चामडी मोजा घालून बोंड खालून धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटांनी तुऱ्याचा फक्त जांभळा भाग वर ओढायचा. नीट ओढला तर तुकतुकीत जांभळे दोरे हातात येतात आणि पांढरं बूड बोंडातच राहतं. घाईत बोंडच कापून नेलं आणि घरी कात्रीनं उतरवलं तर कापूस, हिरवी खवलं, कच्चं बी सगळं त्यात येतं. एंझाइम असतात स्त्रीकेसरांत. बाकीचं फक्त वजन आहे. तराजूवर तेच ०.३ ग्रॅम दिसतं आणि त्यात कामाचा भाग निम्मा असतो. फूल कमजोर निघालं की मी आधी डबा पालथा करून पांढरं किती आहे ते बघते, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

एका शेतात तीन-चार फेऱ्या केल्याशिवाय सगळं फूल ऐन वेळेत हाती येत नाही. मजुरीचा खर्च दिसतो, पण एकदाच सरसकट वेचलेल्या पोत्यापेक्षा निम्म्या वजनाचं चांगलं फूल जास्त दूध जमवतं.

तुरा एका अंगानं तोकडा किंवा करपलेला दिसला तर बोंड चिरून बघा. आत सोंडकिड्याची अळी आणि भुसा सापडेल. अशी बोंडं ढिगात येऊ देऊ नका, शेतातून काढून नष्ट करा. फुलोऱ्यात फवारणी मुळीच नको. हे फूल धुतलं जात नाही, त्याचा अर्क थेट दुधात जातो, शिवाय झाडावर दिवसभर मधमाश्या असतात.

वाळवण आणि साठवण

सावली, वारा आणि पातळ थर. जाळीवर किंवा कापडावर बोटभरापेक्षा जाड थर नको, आणि दिवसातून दोनदा हात फिरवायचा. पत्र्याच्या शेडमध्ये वाळवू नका. आलेंतेजूत जुलैत बाहेरच पारा ४० अंशांवर जातो, पत्र्याखाली तो कुठे पोचत असेल त्याचा अंदाज थर्मामीटर टांगून घ्या. उष्णतेनं एंझाइम मरतात. उलट थर जाड ठेवला तर मधलं फूल घामेजून बुरसटतं. नीट वाळलेलं फूल जांभळट तपकिरी दिसतं, मुठीत चुरचुरतं आणि त्याला सुक्या गवताचा वास येतो. कुबट वास आला तर ते टाकून द्या.

साठवण हवाबंद, अंधारात, थंड जागी. डब्यावर शेताचा तुकडा आणि वेचणीची तारीख हवीच. फूल जुनं होत जातं तशी ताकद उतरते, म्हणून हंगामाच्या मध्यावर चाचणी पुन्हा घ्या. चांगल्या फुलानं मार्च-एप्रिलमध्ये दगा दिला तर बहुधा तो दमटपणाचा.

अर्क रोजचा रोज करा. रात्रभर बाहेर राहिलेला उरलेला अर्क सकाळी वापरला की त्यात वाढलेले जंतू कच्च्या दुधात जातात. चीज पहिल्या एक-दोन दिवसांत फुगलं, आत बारीक भोकं पडली, तर दुधाच्या स्वच्छतेबरोबर फुलाचीही शंका घ्या. वाळलं फूल निर्जंतुक नसतं. कापड रोज उकळा, खल कोरडा ठेवा.

शेतात झाडंच मरत असतील

हा वेगळा प्रश्न आहे, पण त्याच लोकांना पडतो. कार्दूनला पाण्याचा ताण चालतो, पाय ओले चालत नाहीत. बेजाच्या आसपासच्या भारी काळ्या मातीत हिवाळ्यात पाणी साचणाऱ्या जागी मुळं कुजतात आणि शेतात टक्कल पडतं. चर काढा किंवा ती जागा सोडून द्या. उताराच्या माथ्यावर मरत असतील तर खड्डा खणून बघा. मुळाला खाली जायला फट मिळाली नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यात झाड जातं. पहिल्या वर्षी झाड बहुतेक पानंच वाढवतं, त्यामुळे फूल आलं नाही म्हणून घाबरून खत ओतू नका. मेंढ्या हिवाळ्यात पानं खाऊ शकतात, पण फुलाचा दांडा वर येऊ लागला की त्यांना शेताबाहेर ठेवा.

महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रश्नांबद्दल

शाकाहारी चीजसाठी हे पीक आपल्या मुरमाड रानात लावावं का, असं मला आपल्याकडचे लोक विचारतात. उत्साह समजतो, पण मी नको म्हणते. कार्दूनचं चक्र भूमध्य सागराकाठच्या हवामानाचं आहे. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा पूर्ण कोरडा आणि त्या कोरड्या काळात जमिनीखाली झोपलेलं झाड. आपल्याकडे ते झोपायच्या वेळी मृग बरसतो. शिवाय फुलावर यायला त्याला थंडी लागते, ती पठारावर पुरेशी मिळेलच असं नाही. भारतात शाकाहारी चीज बहुतांशी सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटवर होतंच, त्यामुळे गरजही तशी नाही. करडईचं फूल त्याच्या जागी वापरू नका. कूळ एक असलं तरी चीजमध्ये पारखलेलं फूल कार्दूनचं आहे. उंटकटारीच्या फुलाचेही प्रयोग खाण्याच्या दुधावर करू नका.

आयात केलेल्या वाळल्या फुलावर गायीच्या दुधाचं चीज करून बघायचं असेल तर ताजं, चार दिवसांत संपणारं करा. गायीच्या दुधाचं चीज या फुलावर पिकवत ठेवलं की मेंढीच्या दुधापेक्षा लवकर कडू होतं.

आणि जिथे कार्दून आहे तिथेही एक पथ्य पाळायलाच हवं. दक्षिण अमेरिकेत हे झाड युरोपातून गेलं आणि मोकाट पसरलं. १८३३ मध्ये डार्विन आजच्या उरुग्वेच्या भागातून गेला तेव्हा शेकडो चौरस मैल त्यानं व्यापलेले त्याला दिसले. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियातही ते उपद्रवी तण ठरलं आहे. म्हणून तुरा वेचून झाला की बोंडं झाडावर पिकू देऊ नका. ऑगस्ट लागायच्या आत दांडे बुडापासून कापा, बियाण्यासाठी हवी असतील तेवढीच बोंडं कापडी पिशवी बांधून राखा, आणि बांधावर, ओढ्याकाठी उगवलेली रोपं पहिल्याच हिवाळ्यात मुळासकट उपटा. मूळ खोल गेल्यावर ते काम कुदळीनंही होत नाही.